मॅडमना काठात दिसलेलं दुःख

जो कोणी हे वाचेल त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे तेव्हाही चुकायचं. गुरुजी बोटांवर छडी मारायचे आणि तरी चुकायचं. अक्षरही वाकडं आहे. सुई धरून धरून बोटं अशी झालीत की पेनही टोचत टोचत चालतं, पानामागं खड्डे उमटतात. समजून घ्यावं. ही वही लेकीच्या कॉलेजची, निम्मी कोरी राहिलेली. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही म्हणून लिहिते. शिवाय माझ्याबद्दल एका बाईनं मोठ्या पांढऱ्या फळ्यावर लिहून तो भिंतीला लावला होता. त्यात शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. खरं काही नव्हतं, एवढंच.

मी वाकळा शिवते. शहरात गोधडी म्हणतात, आम्ही वाकळ म्हणतो. लोक जुनी लुगडी, चादरी, धोतरं आणून देतात. ती फरशीवर थरावर थर अंथरायची, कोपऱ्यांना पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवायच्या, म्हणजे कापड सरकत नाही. मग बाहेरून आत धावदोरा घालत जायचं. एका वाकळेला बारा-पंधरा दिवस लागतात आणि मजुरी बाराशे मिळते. कमरेचं काय होतं ते कोणी विचारत नाही.

मालक मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हमाल आहेत. पाठीवर पोतं घ्यायचं काम आता पोरं करतात. मालकांकडं पोत्यांची तोंडं शिवायचं काम असतं. हातात दाभण, दाभणात सुतळी. यार्डात त्यांच्याइतकं भराभर पोतं शिवणारा दुसरा नाही, असं तेच सांगतात आणि ते खरं आहे.

आमच्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. माझ्या वाकळांचे काठ दोन धुण्यांत सुटायचे. गिऱ्हाइकं परत आणायची आणि मी मान खाली घालून फुकट शिवून द्यायची. श्रावणात यार्डात गूळ येत नाही, त्यामुळं मालक घरी बसून होते. एक दिवस माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "ह्याला काठ म्हंतीस व्हय? असं पोतं शिवलं तर गुजरातला जाईस्तोवर निम्मा गूळ रस्त्यावर पडंल."

"मग तुम्हीच घाला की," मी म्हणाले.

त्यांनी दार लोटलं, कडी घातली आणि खरंच सुई घेतली. त्यांनी पोत्याचा टाका घातला. दोन टाके पुढं, तिसरा मागं घेऊन कचकन आवळायचा. असं केलं की एका जागी दोरा तुटला तरी बाकीचं उघडत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात आतलं शिवण माझं आणि काठ मालकांचा. ते यार्डातून आले की चहा पिऊन बसायचे, मी गुडघ्यावर काठ ताणून धरायची. दिवसातलं आमचं बोलणं काय ते तेवढ्या वेळात व्हायचं.

कडी मात्र कायम लागलेली. यार्डात शंभर माणसांसमोर दाभण चालवणारा माणूस घरात सुई धरली की दार लावायचा. दाभण वीतभर म्हणून पुरुषाचं काम आणि सुई दोन बोटांची म्हणून बायकांचं, असा हा हिशोब. शहाणी माणसं इंचपट्टी लावून पुरुष ठरवतात. पण मी कधी चेष्टा केली नाही. लाज काय असते ते मला माहीत आहे.

शेजारी भाभी राहते. आमची तिची भिंत एक. तिचे सासू-सासरे मुरगूडचे. तीही वाकळा शिवते आणि माझ्या वाटणीचंही तीच बोलते. तिला काठाचं माहीत होतं. एका भिंतीत काय लपतंय? पण तिनंही कुठं तोंड उघडलं नव्हतं.

मॅडम आल्या त्या भाभीच्याच ओळखीनं. मॅडम पुण्याच्या. ताराबाई पार्कात बंगला भाड्यानं घेऊन राहिल्या होत्या. कापडावर कला करतात, बाईपण आणि आपली संस्कृती असा त्यांचा विषय आहे, असं त्यांनीच सांगितलं. सुती साडी, रुपयाएवढं कुंकू आणि पायात इथंच घेतलेली कोरी चप्पल. ती चावत होती म्हणून लंगडत आल्या, पण काढेनात. मला "मावशी" म्हणाल्या. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान असतील.

त्या दिवशी मी घरातली पांघरायची वाकळ धुऊन कट्ट्यावर वाळत घातली होती. अस्तर सासूबाईंच्या लुगड्याचं, वर माझ्या साड्या आणि मालकांच्या दोन फाटक्या फेट्यांची ठिगळं. मॅडमनी तिचा काठ हातात घेतला आणि डोळे मिटले.

"मावशी, हा राग बघा."

"कुणाचा राग?" भाभीनं विचारलं.

"ह्यांचा. मावशींचा."

भाभीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हिला राग येतोय व्हय? बारा वर्सं झाली शेजारात. आमाला बी दाखीव की गं एकदा."

मॅडमना हसू आलं नाही. काठावर बोट फिरवत त्या म्हणाल्या, "हा टाका बघा. दोन पावलं पुढे आणि मग मागे. बाईचं आख्खं आयुष्य आहे हे. ती निघू पाहते आणि दर तिसऱ्या पावलाला मागे खेचली जाते. आणि किती आवळलाय दोरा! जे तोंडातून येत नाही ते हातातून आलंय."

मला बोलायला पाहिजे होतं. बाई, हे गुळाच्या पोत्याचं शिवण आहे, एवढं एकच वाक्य. पण एक तर माझी जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि दुसरं म्हणजे मालकांची लाज माझ्या हवाली होती. मी पदर सारखा केला.

मॅडमनी त्या वाकळेचे नऊ हजार देऊ केले. संध्याकाळी मालकांना सांगितलं, तर आधी ते हसले.

"राग म्हणाली? आगं त्यो पोत्याचा टाका हाय." मग एकदम दाराकडं बघितलं. "सांगितलंस न्हाईस न्हवं?"

"न्हाई."

"सांगू बी नगंस. यार्डात कळलं तर जन्माचं नाव पडंल. बायल्या म्हंतील."

"आणि वाकळ?"

"दे की. जुनी तर हाय. आपून दुसरी शिवू."

लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर होतं आणि ते माहेरीच करायचं. नऊ हजार घेतले. सिझर झालं. दहा दिवसांत त्यातला रुपया उरला नाही.

मग मॅडमनी आम्हा सात बायकांना बंगल्यावर बोलवायला सुरुवात केली. दुपारी दोन ते चार, बाकरवडी आणि चहा. प्रत्येकीला हातरुमालाएवढं कापड दिलं आणि म्हणाल्या, "ह्यावर शिवा, मी कोण आहे."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तुळशीवृंदावन काढलं. एकीनं स्वतःचं नाव लिहायला घेतलं आणि दोन अक्षरांतच कापड संपलं. मला काही सुचेना म्हणून मी सरळ धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या. मॅडम तो तुकडा उजेडात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. "किती रिकामं आहे हे. किती बोलकं!" मी म्हटलं, बरं झालं, तिसरी ओळ घातली नाही. घातली असती तर आणखी काय काय बोललं असतं कोणास ठाऊक.

भाभीला त्यांनी वेगळंच सांगितलं. "तुम्ही तुमच्या समाजाचा रंग वापरा ना. हिरवा."

"हिरवं काय न्हाई माझ्याकडं," भाभी म्हणाली. "पिवळं हाय, लेकाच्या हळदीचं. हिरव्या साड्या ढिगानं हिच्याकडं मिळतील. लग्नात हिरवी, डोहाळजेवणात हिरवी, ओटीत बी हिरवीच. हिचा समाज लई हिरवा हाय."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर भाभीची वाकळ प्रदर्शनात लागली तेव्हा तिच्या मधोमध कोरं हिरवं कापड जोडलेलं होतं. ते मॅडमनी स्वतः दुकानातून आणलं होतं. शिवलंही स्वतःच होतं, सुरकुत्या पाडून.

सगळ्या बायका गेल्या की मॅडम एकेकीला थांबवून घ्यायच्या आणि फोनवर आवाज भरून घ्यायच्या. दुःख सांगा म्हणायच्या. भाभीनं गॅसच्या टाकीचं दुःख सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "मारतात का हो?"

असलं कोणी आयुष्यात विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी मान खाली घातली. मी मान खालीच घालते. दुकानदारानं सुटे पैसे मागितले तरी घालते. मॅडम म्हणाल्या, "कळलं. काही बोलू नका." मी म्हटलं, सुटले.

डिसेंबरात राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, "चल, आपली वाकळ बघून येऊ. भिंतीला टांगलीया म्हंत्यात." त्यांना आतून आनंद झाला होता. कोणाला न सांगता का होईना, त्यांच्या हातचा काठ दिव्याखाली लागणार होता. वाटेत त्यांनी मोगऱ्याचा गजरा घेतला. भाभी पुढं बसून रिक्षावाल्याला रस्ता सांगत होती, जो त्याला माहीत होता.

हॉलमध्ये बायका हळू चालत होत्या आणि हळू बोलत होत्या, आजाऱ्याला बघायला आल्यासारख्या. आमच्या वाकळेवर पिवळा उजेड सोडला होता. पांघरायची वस्तू उभी टांगली की कशी दिसते ते त्या दिवशी बघितलं. वाळत घातलेली आणि विसरलेली. बाजूला माझा मान खाली घातलेला फोटो आणि फोटोखाली फळा. मालक सातवी शिकलेत. त्यांनी शब्दाखाली बोट धरून वाचलं. मी त्यांच्या मागं उभी राहून वाचत होते. माझं निम्म्यावर आलं होतं तेव्हा त्यांचं बोट थांबलं.

फळ्यावर होतं की ही वाकळ शिवणाऱ्या बाईला कधी बोलू दिलं गेलं नाही. हमाल नवऱ्याचा मार सोसून ती सुई हातात घेते. काठावरचा प्रत्येक आवळलेला टाका म्हणजे तिला मारणाऱ्या त्या हाताला तिनं दिलेलं उत्तर आहे.

मालकांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. मग तो हात खिशात घातला.

एक चष्म्याची बाई माझा फोटो बघून माझ्याकडं वळली आणि मग मालकांकडं. तिनं माझ्या दंडाला हात लावला, "धीर धरा हं," म्हणाली आणि पुढच्या वाकळेकडं गेली. तिला दोन मिनिटांत सगळं कळलं होतं. ह्या बायकांना कळायला वेळ लागतच नाही. तिकडं मॅडम माईकवर बोलत होत्या की आम्ही ह्या बायकांना आवाज दिला. मी बारा फुटांवर उभी होते. माईक काही माझ्याकडं आला नाही.

मालक म्हणाले, "चल." एवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली फळ्यातलीच दोन वाक्यं. यार्डात पेपर सगळे वाचतात. नाही वाचत त्यांना वाचून दाखवतात. संध्याकाळी मालकांचा एक जोडीदार रस्त्यातूनच ओरडला, "काय मर्दा! वैनीवर हात टाकतोस व्हय? लई मोठा पैलवान झालास की!" दुसरा म्हणाला, "झाकून ठेवायचं असतंय गा. पेपरात कशाला दिलंस?"

ह्यातली गंमत मला हळूहळू कळली. मालकांना एका वाक्यात सुटता आलं असतं. ते शिवण माझं आहे, असं म्हणायचं. पण मग ते बायल्या झाले असते. यार्डात एक तर बायकोला मारणारा व्हायचं, नाही तर बायकी व्हायचं. तिसरी जागा त्या लोकांनी ठेवलीच नव्हती. आणि खरं सांगते, मारणाऱ्याची मस्करी दोन दिवस झाली आणि संपली. दोघांनी तर पाठीवर थाप मारली म्हणे, बायकोला धाकात ठेवलीस म्हणून. सुई धरली हे कळलं असतं तर जन्मभर पुरलं असतं. ह्या माणसांची अक्कल अशी. आणि मॅडमची अक्कल त्यांच्याहून वेगळी नाही, फक्त तिला पिवळा उजेड लावलेला होता.

मालक कोणाला काही बोलले नाहीत. पण त्यांनी सुई सोडली. चहा पिऊन झाला की बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचे. मी काठ ताणून धरला तर म्हणाले, "आता तूच घाल." घरात आवाज चढवून बोलेनात. पूर्वी भाजीत मीठ जास्त झालं की गल्ली ऐकेल असं ओरडायचे. आता खारट भाजी गुमान खायचे, कोणी ऐकून मारामारी समजेल म्हणून. नातवाला घेतानाही आधी माझ्याकडं बघायचे. पंचवीस वर्षांत ज्या माणसानं मला बोट लावलं नाही तो स्वतःच्याच हातांना भ्यायला लागला.

त्या फळ्यासाठी मला बोलावंच लागणार होतं. भाभीला बरोबर घेऊन बंगल्यावर गेले. रस्ताभर एकच वाक्य पाठ करत होते. तिथं पोचल्यावर त्यातला निम्मा भागच तोंडातून निघाला.

"ते पुसा."

"काय पुसू, मावशी?"

"मार. मार खोटा हाय."

मॅडमनी माझा हात हातात घेतला. "तुम्हाला कुणी पाठवलंय?"

"कुणी न्हाई."

"घरी माहीत आहे तुम्ही इथं आलात ते?"

"न्हाई."

मॅडमनी भाभीकडं बघितलं. "बघा."

"काय बघू?" भाभी म्हणाली. "आमची भिंत एक हाय. ह्यो माणूस शिंकला तरी मला कळतंय. मारलं असतं तर आदी मीच त्याला लाटण्यानं बडीवला असता."

"हिंसा नेहमी ऐकू येतेच असं नाही."

म्हणजे मी गप्प बसले तर मार खाते म्हणून गप्प. आणि नाही म्हणाले तर मारानं म्हणायला लावलं म्हणून नाही. असल्या शहाणपणाला दारच नसतं, बाहेर पडायचं कुठून? मग मी मालकांना दिलेलं वचन मोडलं.

"काठ मालकांनी घातलाय. त्यो पोत्याचा टाका हाय. यार्डात सगळीच घालत्यात. त्यात राग बीग काय न्हाई."

मला वाटलं, संपलं. त्यांनी मान हलवली. "म्हणजे काठाची तेवढीशी जागाही त्यांनी तुमच्यासाठी ठेवली नाही."

भाभीनं कपाळावर हात मारला.

तेवढ्यात मॅडमचे डोळे चमकले. "पण थांबा. हे तर जास्तच इंटरेस्टिंग आहे. हमाल पुरुष, आणि त्याच्या आत लपलेली स्त्री. त्यांना बोलवा ना, आपण व्हिडिओ करू. तुमची साडी नेसून बसतील का ते शिवायला?"

भाभीला इतकं हसू आलं की तिला खाली बसावं लागलं. मला आलं नाही. त्यांना बाईच पाहिजे होती. आधी माझ्यात सापडली, आता मालकांत सापडली. काठ सुटू नये म्हणून एका माणसानं बायकोच्या हातातली सुई घेतली, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात बसत नव्हती. बसली असती तर टांगायला काही उरलं नसतं.

"माझी वाकळ द्या," मी म्हणाले.

"ती विकलीत तुम्ही. आता ती माझी कलाकृती आहे."

"पैसे देते."

"आहेत?"

"न्हाईत."

मॅडम थकल्यासारखं हसल्या. "मे महिन्यात पुण्याला प्रदर्शन आहे. त्याआधी नऊ हजार आणून द्या आणि घेऊन जा. मी कुणावर जबरदस्ती करत नाही. फळा मात्र राहणार. तो माझा विचार आहे."

"वाकळ न्हाई तर फळा कशाच्या शेजारी लावशीला?" मी विचारलं. मलाच आश्चर्य वाटलं की विचारणारी मी होते.

घरी येऊन मालकांना सगळं सांगितलं. वचन मोडलं तेही सांगितलं. दोन दिवस ताट घेऊन बाहेर कट्ट्यावर जेवले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मुकादमाकडनं उचल काढतो. नऊ हजार टाक तिच्या तोंडावर."

"नगं. इकली मी, गप बसली मी. आणणार बी मीच."

जानेवारीपासून दोन-दोन वाकळा अंथरायला लागले, एक आमच्या खोलीत, एक भाभीच्या. पाटा-वरवंटा इकडून तिकडं नेऊन भाभीचा उंबरा झिजला. दोन वाकळा झाल्या की पैसे घेऊन ताराबाई पार्कात. पहिल्यांदा दोन हजार, मग दीड, मग पुन्हा दोन. मॅडम म्हणायच्या, "एकदम द्या ना, असे थोडे थोडे काय?" पण घ्यायच्या. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन काढला आणि म्हणाल्या, "नोटा अशाच हातात धरा, मावशी. हीसुद्धा एक प्रोसेस आहे." मी नोटा टेबलावर ठेवल्या आणि हात पदराखाली घेतले. त्यांनी टेबलाचा फोटो काढला. ह्या बाईला दुष्काळ पडला तरी विषय कमी पडणार नाही.

सहावी वाकळ गडमुडशिंगीच्या गिऱ्हाइकाची होती. चैत्राचं ऊन, लाईट गेलेली, दार सताड उघडं. मी काठ घालत होते. मालकांचा टाका मला येत नाही, हातात तेवढा जोर नाही. ते कट्ट्यावरून वाकून बघत होते. बराच वेळ बघितलं आणि आत आले.

"सोड ते. दोन धुण्यांत सुटंल."

"सुटू दे. परत घालीन."

"सोड म्हंतो न्हवं!" ते गल्लीत ऐकू जाईल असं ओरडले. चार महिन्यांत पहिल्यांदा. मग सुई घेऊन बसले. दार लावायचं राहिलं की मुद्दाम लावलं नाही, ते मी विचारलं नाही. ओरडणं ऐकून भाभी दारात आली. तिनं बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाई, माझ्या बी एका वाकळंचा काठ राहिलाय."

"नंबर लाव," मालक म्हणाले, वर न बघता.

यार्डात अजून कोणाला माहीत नाही. तिथं ते बायकोला मारणारेच आहेत आणि त्यांचं तिथं बरं चाललंय.

एप्रिलच्या शेवटी दीड हजार राहिले होते. ह्या वेळी मी एकटीच गेले. मॅडमचं सामान बांधून झालं होतं, वाकळा गुंडाळून कागदात ठेवल्या होत्या. माझी काढून त्यांनी टेबलावर उलगडली. वरच्या बाजूला टांगायच्या पितळी कड्या ठोकल्या होत्या. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, मालकांच्या टाक्यांवर, काळ्या रेशमानं काहीतरी नवीन शिवलेलं होतं. इंग्रजी होतं.

"हे काय?"

"माझी सही. राहू द्या, मावशी. उद्या तिच्यामुळेच किंमत येईल."

"उसवा."

मॅडमना वाटलं मी गंमत करते. मी उभीच राहिले. मला उभं राहायची सवय आहे, रेशनच्या रांगेत दोन-दोन तास राहते. शेवटी त्यांनी कात्री शोधली. उसवायचं कसं तेही त्यांना नीट येत नव्हतं. रेशीम ओढायच्या आणि खालचा टाका ओढला जायचा. पण खालचा टाका काही तुटला नाही. पाऊण तास लागला. मध्ये एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही फार बदललात हो." मी उरलेल्या काळ्या धाग्याकडं बोट दाखवलं. शेवटचा काळा धागा निघाला तो त्यांनी फुंकर मारून उडवला.

मग मी ब्लाउजमधलं पाकीट काढलं आणि शंभराच्या पंधरा नोटा त्यांच्यासमोर एकेक करून ठेवल्या. मॅडमनी त्या उचलून पर्समध्ये घातल्या.

"मोजा," मी म्हणाले.

त्यांनी मोजल्या. पंधरा भरल्या. आधीचे साडेसात आणि हे दीड. नऊ हजार फिटले.